सुटलेली थिंबलं

नोवी ब्रेग
९ एप्रिल १९९८

प्रिय नेदेल्चोकाकांना झ्लातिनाचा नमस्कार आणि दोन्ही गालांचे पापे.

मधाच्या बरण्या पोचल्या. एक फुटली, पण डब्यातल्या डब्यात, त्यामुळे आम्ही डबा चाटून संपवला. फोन करणार होते, पण टर्बाइनच्या आवाजानं तुमचे कान गेले ते गेलेच. तुम्ही फोनवर एवढं ओरडता की मलाच रिसीव्हर लांब धरावा लागतो आणि ऐकू मात्र काहीच जात नाही. म्हणून पत्रच बरं.

काका, एक कोडं पडलंय. वर्षाची दुरुस्ती चालू आहे, अणुभट्टी थंड करून ठेवली आहे आणि सगळीकडे नव्या तारा पडताहेत. परवा तपासनीस एका पॅनेलमधल्या तारा ओढून बघत होते. तारेच्या टोकाला दाबून बसवलेली तीन थिंबलं त्यांच्या हातात आली. नुसती ओढली आणि आली, जशी हिवाळ्यात बोटातून अंगठी निघते. तुम्हीच मला शिकवलंत ना, की थिंबल नीट दाबलेलं असेल तर तार तुटेल पण थिंबल सुटणार नाही? ही तार थंड पाण्याच्या पंपाची आहे. ऐन वेळी ती सैल पडली, तर पंप चालू आहे की बंद हे वर नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला कळायचंच नाही.

तिन्ही थिंबलं एकाच फिटरनं बसवलेली. त्याचा आत जायचा पास काढून घेतलाय. संत गेओर्गीच्या सणानंतरच्या सोमवारी समिती बसेल, आणि तिनं पास परत दिला नाही तर या गावात त्याला दुसरं काम नाही. दरवाजे विकायच्या दुकानात उभं राहावं लागेल.

तुम्ही किल्ल्या माझ्या हातात ठेवून डोंगरात मधमाश्या पाळायला गेलात, तेव्हापासून हत्यारखोलीची जबाबदारी माझी. मी फेब्रुवारीत थिंबलं दाबायच्या सगळ्या क्रिम्पिंगच्या पकडी गेज घालून तपासल्या होत्या. एकच आजारी निघाली. तिला तुमच्या रिवाजाप्रमाणे लाल दोरा बांधला आणि दुरुस्तीला पाठवायला खालच्या खणात टाकलं. बाकीच्या ठणठणीत होत्या. मग हे झालं कसं? दोष हाताचा की हत्याराचा? तुमचं डोकं अजून चालतं का बघू या.

तुमची,
झ्लातिना


वर्बोवो, रोडोपी
१५ एप्रिल

चि. झ्लातिनास अनेक आशीर्वाद.

डोकं चालतं, गुडघे चालत नाहीत. पोस्टापर्यंत यायचं म्हणजे मला आणि गाढवाला दोघांना दम लागतो, त्यात गाढव तरुण आहे.

यात कोडं कसलं? दोष हाताचा. या पकडीला आत दातेरी चक्र असतं, पूर्ण दाबल्याशिवाय ती उघडतच नाही. तू फेब्रुवारीत गेज घातलंस, एप्रिलपर्यंत चांगली पकड बिघडत नाही. पकडी काय दूध आहेत नासायला? मग उरलं काय? त्यानं तार पूर्ण आत सारली नसेल, किंवा जाड तारेचं थिंबल बारीक तारेला चढवलं असेल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी अशी माणसं आयुष्यभर बघितली. जेवणाच्या सुट्टीकडे डोळा, एका हातात सिगरेट, आणि अणुभट्टीची तार म्हणजे ह्यांना बुटाची नाडी. असल्याला मी मेंढ्यांच्या कुंपणाची तारसुद्धा बांधू देणार नाही.

पास काढला ते उत्तम झालं. समितीला माझं मत सांगायचं असेल तर खुशाल सांग. त्याचं नाव मला कळवू नकोस, मला नावाशी कर्तव्य नाही. काम बघून माणूस कळतो.

ईस्टरला अंडी रंगवशील तेव्हा कांद्याच्या सालीत उकळ, ते दुकानातले रंग नकोत. माझी मधमाश्यांची पोळी जगली आहेत, एक सोडून. त्यातली राणीमाशी म्हातारी झाली, काय करणार.

तुझा काका,
नेदेल्चो


नोवी ब्रेग
२४ एप्रिल

प्रिय काका,

तुमच्यावर रागावले आहे आणि माझ्यावरही. आधी माझं सांगते.

मी मुद्दाम नाव लिहिलं नव्हतं. मला वाटलं, नाव न कळता तुम्ही नुसत्या थिंबलांचा विचार कराल. तो फिटर स्विलेन आहे. तुमचा स्विलेन.

तुम्ही बाप-लेक एकमेकांशी बोलत नाही, त्याचं नाव निघालं की तुम्ही मधमाश्यांकडे जाता, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ही चलाखी केली आणि ती माझ्याच अंगाशी आली. तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात टेबलावर ठेवलं होतं. ईस्टरला स्विलेन माझ्या पोरींना लाल अंडी घेऊन आला. मी कोझुनाकचा गोड पाव कापायला सुरी शोधत होते. तुमचं अक्षर त्याला दुरून ओळखू येतं. उभ्याउभ्याच वाचलं त्यानं, शेवटपर्यंत. मग पत्राची होती तशी घडी घातली आणि म्हणाला, "कांद्याच्या सालीचं बाकी खरं आहे त्यांचं." कोझुनाकला हातही न लावता निघून गेला.

आता तो म्हणतो, मी सही करतो. घाई केली, चूक माझी, असं लिहून देतो. मी म्हटलं, वेडा झालास का? तू कधी घाई करतोस? तुझ्याबरोबर जेवायला बसलं तर माझं सूप गार होतं! तर म्हणतो, "बाबांना नाव न सांगता कळलं, झ्लाते. मग केलीच असेल."

काका, त्यानं सही केली की प्रकरण तिथेच मिटेल. मग बाकीची पॅनेलं कोण कशाला उघडून बघेल? थिंबलं खरंच हाताच्या चुकीनं सुटली नसतील, तर तशीच आणखी कुठेकुठे बसलेली असतील आणि त्यांच्यासकट भट्टी सुरू होईल. रात्री हेच डोक्यात फिरतं.

तपासनीसांच्या हातापाया पडून त्या तीन थिंबलांचे फोटो मिळवले. सोबत पाठवते आहे. तिथे डोंगरावर बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. नीट बघा.

झ्लातिना


वर्बोवो
२९ एप्रिल

झ्लातिना,

तू मला फसवलंस. तुझा बाप, माझा भाऊ, असाच होता. पत्त्यांत हरला की पत्ते लपवायचा. पत्र वाचून मी तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दिवसभर पोळ्यांच्या चौकटी घासल्या. संध्याकाळी पाकीट उचललं तर फोटो खाली पडले.

पोळ्यातल्या अळ्या बघायचं भिंग आहे माझ्याकडे. ते घेऊन दारात उजेडाला बसलो. शेजारची म्हातारी वेलिका विचारते, "कुणाचं लग्न ठरतंय?" म्हटलं, "गप बस, काम आहे."

आता ऐक. तार थिंबलात पूर्ण गेलेली आहे, पुढच्या भोकातून तिचं टोक डोकावतंय, जेवढं डोकवायला हवं तेवढंच. तारेवरचं प्लास्टिक जिथे संपायला हवं तिथेच संपतं, एकही धागा बाहेर नाही. पकडीच्या जबड्याचा खड्डा बरोब्बर मधोमध बसलाय. असं काम मी स्वतः केलं असतं तर मान ताठ ठेवून फिरलो असतो. फक्त खड्डा उथळ आहे. आणि तिन्ही थिंबलांत सारखाच उथळ आहे, केसाचा फरक नाही.

घाई करणारा माणूस तीन वेळा तीन तऱ्हांनी चुकतो. इतकं एकसारखं चुकायला हत्यारच लागतं. त्या पकडीचं दातेरी चक्र झिजलंय किंवा सरकलंय, जबडा पूर्ण मिटायच्या आधीच ती सुटते आहे. मी तुला चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला सांगितलं. आणि संन्याशाचं काम बघायच्या आधीच.

मग माझ्या मनात येतं, असली झिजलेली पकड तुझ्याकडे एकच होती. लाल दोऱ्याची. ती खालच्या खणात आहे ना? तू गाडीत चढवून दुरुस्तीला पाठवलीस, की पाठवली असेल असं तुला वाटलं? उठ, आत्ता जा आणि खण उघडून बघ. आणि ती पकड तिथे नसेल तर मला समजून घ्यायचंय, दोरा बांधलेली पकड भिंतीवरच्या खिळ्यावर गेलीच कशी. तो दोरा मी दुहेरी गाठ मारून बांधायला शिकवला होता, तो आपोआप सुटत नाही. चिठ्ठ्या गळून पडतात म्हणून तर दोरा. इतकी वर्षं ही युक्ती चुकली नाही.

त्याला सांग, सही करू नकोस म्हणावं. मी सांगितलं असं सांगू नकोस. तू सांग.

काका


नोवी ब्रेग
५ मे

प्रिय काका,

खण रिकामा होता.

मला आपलं वाटत होतं की मार्चमध्ये गाडी आली तेव्हा पकड गेली. गाडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, तुझ्याकडून काहीच नेलं नाही. मग मी गिनाकडे गेले. गिना तुमच्या नंतर आली, तुम्ही तिला ओळखत नाही. माझ्या हाताखाली आहे, जीव लावून काम करते, बोलते फार. मी तिला म्हटलं, "गिना, लाल दोऱ्याची पकड कुठे गेली?" तर ती म्हणते, "लाल दोऱ्याची म्हणजे कुठली? सगळ्याच लाल दोऱ्याच्या होत्या की!"

काका, माझ्या पायाखालची जमीन सरकली. मार्चच्या पहिल्या तारखेला आम्ही रिवाजाप्रमाणे आरोग्यासाठी एकमेकींच्या मनगटाला लाल-पांढरे दोरे बांधले, आणि मग गिनाच्या मनात आलं की पकडींनाही बांधू या. वर्षभर त्याच तर आपल्याला पोसतात. मीही हसत हसत बांधले. खणातली आजारी पकडसुद्धा गिनानं बाहेर काढली. म्हणाली, "हिलाच तर आरोग्य हवंय बिचारीला." बांधला तिलाही, तुमच्या लाल दोऱ्याच्या शेजारीच.

मग मार्चअखेर मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला प्लेव्हेनला गेले. इकडे कालव्याजवळच्या खांबावर पहिला करकोचा उतरला, म्हणजे दोरे काढून फुललेल्या झाडाला बांधायची वेळ झाली. गिनानं करकोचा बघितला आणि धावत आत आली. दुरुस्ती सुरू व्हायची होती, आत कुठलाही दोरा न्यायला बंदी, म्हणून तिनं सगळ्या पकडी टेबलावर मांडल्या आणि कात्रीनं एकजात सगळे दोरे कापले. आजारी पकडीचे दोन्ही. मग पकडी आपापल्या मापाच्या खिळ्यावर लावल्या. ती एक उरली, तिच्या मापाचा खिळा रिकामा होता, तिलाही लावली. रिकामा का होता ते मी तिला सांगितलंच नव्हतं.

फाटकाजवळच्या आलुबुखाराच्या झाडाला तिनं दोरे बांधले होते. मी जाऊन बघितलं. फुलं कधीच गळून गेली, पानं आली आहेत, त्यांत सगळे लाल-पांढरे दोरे लोंबताहेत आणि मधेच एक नुसता लाल. तुमची दुहेरी गाठ अजून शाबूत आहे. तिथेच मला रडू आलं, फाटकावरचा पहारेकरी विचारतो, "बाई, कोण गेलं?"

पकड स्विलेनच्या पेटीतच सापडली. गेजचं जाडं टोक, जे आत जाता कामा नये, ते सुळकन आत गेलं. मी ती तशीच घेऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "झ्लातिना, फिटर सही करायला तयार आहे आणि तू हात दाखवून अवलक्षण करून घेतेस?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? त्यांनी टेबलावर हात आपटला. त्या पकडीनं दाबलेलं प्रत्येक थिंबल आता शोधून, कापून नव्यानं बसवायचंय. भट्टी सुरू व्हायला उशीर होईल. माझं काय करायचं ते समितीच ठरवेल. गिना दोन दिवस रडते आहे. मी तिला सांगितलं, दोरा तू कापलास, पण माझ्याशिवाय कुणालाच अर्थ कळणार नाही अशी खूण मी ठेवली होती.

स्विलेनचा आधी विश्वासच बसेना. त्याला वाटलं, त्याला वाचवायला मी हे सगळं रचलंय. मग मी त्याच्यासमोर एक तार ठेवली, एक थिंबल ठेवलं आणि ती पकड दिली. त्यानं एकदा दाबलं. मग पकड मला परत दिली आणि पेटीवर बसला. म्हणाला, "तुझ्याकडे बाबांचा पत्ता आहे ना पूर्ण?"

मी त्याला म्हटलं, पत्ता कसला विचारतोस, वर्बोवोत नेदेल्चो म्हटलं की गाढवसुद्धा वाट दाखवतं. पण लिहून दिला.

तुमची,
झ्लातिना


नोवी ब्रेग
१२ मे

बाबा,

काल समिती झाली. पास परत मिळाला. झ्लातिनाला लेखी समज दिली, पण हत्यारखोली तिच्याकडेच राहिली. आता नापास पकडींसाठी कुलपाची पेटी केली आहे आणि किल्ली तिच्याकडे आणि गिनाकडे. मी त्या पकडीनं दाबलेली थिंबलं आम्ही दोघं-तिघं मिळून शोधतोय. बरीच सापडली. सगळी सापडल्याशिवाय भट्टी सुरू होणार नाही, असं साहेबांनी जाहीर केलंय.

मला तुम्हाला वेगळंच सांगायचंय. मला कळलं होतं.

दुसऱ्याच थिंबलाला कळलं होतं. पकड लवकर सुटली. आवाज नेहमीसारखाच, पण हाताला हलकं लागलं. मी पकड खाली ठेवली, फिरवून बघितली, आणि पुन्हा उचलली. झ्लातिनाकडे जाऊन "ही बदलून दे" म्हणायला पाच मिनिटं लागली असती. गेलो नाही. मी दहा वर्षांचा असताना तुमच्या शेडमध्ये मला खिळा सरळ मारता येईना, मी म्हटलं हातोडीचा दांडा हलतोय, तर तुम्ही सगळ्या कामगारांसमोर म्हणालात, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळे हसले. तेव्हापासून मी हत्याराला कधी नाव ठेवलं नाही. या वेळीही तेच डोक्यात आलं आणि मी पुढची थिंबलं दाबत गेलो.

म्हणून मी सही करायला निघालो होतो. घाई मी केली नव्हती, पण चूक माझीही होती. समितीला मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय.

तुम्ही फोटो भिंगानं बघितले आणि काम चांगलं आहे म्हणालात, असं झ्लातिनानं सांगितलं. तिला सांगू नकोस म्हणाला होतात, तरी सांगितलं तिनं. तिच्यावर रागावू नका.

स्विलेन


वर्बोवो
१८ मे

प्रिय स्विलेन,

पत्र मिळालं. स्वतः वाचायचा धीर होईना, वेलिकाकडून वाचून घ्यावं म्हणून तिच्याकडे नेलं, आणि तिच्या दारातूनच परत आलो. घरी येऊन स्वतःच वाचलं, भिंगानं.

हातोडीचं मला आठवत नाही. तू सांगतोस म्हणजे झालं असणार. दांडाही हलत असणार.

मी तीस-पस्तीस वर्षं पकडी तपासल्या. गेज घातलं, तारा ओढल्या, कान चांगले होते तोवर आवाज ऐकला. कान गेल्यावर नुसत्या गेजवर भागवलं. पण फिटर पकड परत घेऊन आला की मी त्याच्या हातून ती काढून घ्यायचो आणि खिळ्याला अडकवायचो. ती हातात कशी लागते हे एकालाही कधी विचारलं नाही. तुलासुद्धा नाही. आता रोज संध्याकाळी पोळ्यांजवळ बसून याचाच विचार करतो आणि मला काही उमगत नाही.

म्हणून विचारतो. हलकं लागलं म्हणतोस, ते कुठे, तळव्याला की बोटांना? हातमोजे होते का? पहिल्या थिंबलाला जाणवलं नाही आणि दुसऱ्याला जाणवलं, ते कसं? की पहिल्यालाही जाणवलं होतं पण तू तुझ्याच हाताला दोष दिलास? दुसऱ्या फिटरांनाही असं कळतं का, की तुझाच हात तसा आहे? तुझी आई कणीक हातात घेऊन पाणी कमी पडलं की नाही ते सांगायची, तसं काही आहे का ते?

सगळं लिही. लांबलचक लिही. मला हे माहीत नाही, बाळा, आणि तुला माहीत आहे.

तुझे बाबा